वाचकांचे प्रश्न : डोंगर, धुके आणि खालच्या वाटेवरची चार खेचरे

मागील अंकाच्या मलपृष्ठावर आम्ही एक चिनी शाईचित्र छापले होते. चीनच्या उत्तर सुंग राजवटीतील फान क्वान या चित्रकाराने इसवी सन १००० च्या सुमारास रेशमी कापडावर काढलेले, ‘डोंगर-ओढ्यांतील वाटसरू’ या नावाने ओळखले जाणारे आणि आज तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात असलेले ते चित्र. त्याखाली दोन ओळींची ओळख देऊन आम्ही मोकळे झालो होतो. वाचकांनी मात्र आम्हाला तसे मोकळे सोडलेले नाही. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. लांब पत्रांना थोडी कात्री लावावी लागली आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रश्न : मलपृष्ठावरचे चित्र मी आमच्या आठवीच्या वर्गात भिंतीवर लावले. मुलांना डोंगर दिसला, धबधबाही दिसला. पण चित्राच्या नावातले वाटसरू सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. ज्यांच्या नावाने चित्र ओळखले जाते त्यांनाच इतके लहान का काढावे? माणूस क्षुद्र आहे, असे चित्रकाराला म्हणायचे आहे काय? (एक शिक्षिका, साखळी)

उत्तर : दोन दिवस लागले यात मुलांचे काही चुकले नाही, दोष असेलच तर तो आमच्या मलपृष्ठाचा आहे. मूळ चित्र २०६.३ सेंटीमीटर उंच आणि १०३.३ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे ते घराच्या एखाद्या दाराएवढे भरते. आम्ही ते अंकाच्या एका पानावर आणले, तेव्हा डोंगर डोंगरच राहिला आणि माणसांच्या मुंग्या झाल्या. तरीही आपला प्रश्न उरतोच, कारण मूळ चित्रासमोर उभे राहणाऱ्याचाही डोळा आधी डोंगराकडेच जातो, आणि चित्रकाराने तो जाणूनबुजून तसा नेलेला आहे.

पुढच्या खेपेस मुलांना चित्र तळापासून पाहायला सांगावे. अगदी पुढे एक बुटका, जाडजूड खडक आहे. त्याच्या मागून एक वाट आडवी जाते आणि त्या वाटेवर उजवीकडून ओझी लादलेली चार खेचरे येत आहेत. एक माणूस पुढे आहे आणि एक मागे. जवळच ओढा खडकांवरून खळाळत उतरतो आहे. त्याच्या वर झाडीने भरलेले दोन उंचवटे आहेत आणि उजवीकडच्या झाडीतून एका देवळाची छपरे डोकावतात. मग धुके येते. त्या धुक्यात सगळे विरून जाते, आणि त्याच्या वर, जणू पायथाच नाही असा, एकसंध डोंगर उभा राहतो, जो चित्राची जवळजवळ दोन तृतीयांश उंची व्यापतो. त्याच्या उजव्या घळीतून पांढऱ्या दोऱ्यासारखा धबधबा सुटला आहे. तो वरून सुटलेला दोरा धुक्यात नाहीसा होतो आणि खाली ओढा होऊन खेचरांच्या वाटेजवळ येतो, हे मुलांच्या लक्षात आले की चित्राचा अर्धा भाग उलगडला असे समजावे.

चित्रकाराला माणूस क्षुद्र म्हणायचा आहे, असे मला वाटत नाही. तसे म्हणायचे असते तर डोंगराखाली हरवलेला एकटा जीव काढून भागले असते. येथे माणसे कामावर निघाली आहेत. जनावरांवर माल आहे, वाट रुळलेली आहे, वर देऊळ आहे, आणि त्या दोघांपैकी कोणीही मान वर करून डोंगराकडे थक्क होऊन पाहत नाही. त्यांना बहुधा अंधार पडण्याआधी मुक्कामाला पोहोचायचे असावे. केरीच्या बाजूने संध्याकाळी चोर्ला घाटाकडे पाहिलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. समोर आधी नुसती काळी भिंत दिसते. मग त्या भिंतीवर एक दिवा हळूहळू सरकताना दिसतो, आणि तो ठिपका म्हणजे मालाने भरलेला अख्खा ट्रक आहे हे ध्यानात येते त्या क्षणी डोंगर एकदम दुप्पट होतो. फान क्वानची खेचरे हेच काम करतात. ती चित्रात नसती तर तो डोंगर केवढा आहे हे कळायला आपल्याजवळ कोणतेही माप उरले नसते.

चिनी चित्रकारांमध्ये या प्रमाणांचे एक जुने सूत्र चालत आले आहे आणि ते सुंगच्या आधीच्या थांग राजवटीतील कवी-चित्रकार वांग वेई याच्या नावावर सांगितले जाते : डोंगर एक झांग असेल तर झाड एक छ्र, घोडा एक त्सुन आणि माणूस एक फन. यातले प्रत्येक माप आधीच्या मापाचा दहावा हिस्सा असते. म्हणजे हिशेबाने माणूस डोंगराच्या एक हजारांश झाला. फान क्वानने फूटपट्टी लावून चित्र काढले असे मात्र कोणी समजू नये. सूत्र दिशा दाखवण्यापुरते असते.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्याजोगी आहे. हे चित्र फान क्वानचेच, असे शतकानुशतके मानले जात होते आणि सतराव्या शतकाच्या आरंभीचा प्रख्यात चित्रकार व पारखी दोंग छीछांग याने चित्राच्या वरच्या पट्टीवर तसे लिहूनही ठेवले आहे. पण खुद्द चित्रकाराची सही कोणाला दिसली नव्हती. १९५८ मध्ये संग्रहालयातील अभ्यासक ली लिनत्सान यांना ती सापडली. ती होती खाली उजव्या कोपऱ्यात, खेचरांच्या मागच्या झाडाच्या पानांमध्ये, पानांसारखीच दिसणारी दोन अक्षरे. सुमारे साडेनऊशे वर्षे ती तेथे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. आपल्या मुलांना दोन दिवस लागले, ही तक्रार त्या मानाने फारच किरकोळ आहे. एवढ्या प्रचंड डोंगरावर नाव लिहायला हवी तेवढी जागा असताना चित्रकाराने ते वाटसरूंच्या पाठीमागे लिहिले, याला काही अर्थ आहे की नाही यावर वर्गात वाद घालता येईल. माझे मत आहे की आहे.

प्रश्न : मी सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे इमारतींचे नकाशे काढले. या चित्रातला खडक समोरून, झाडे किंचित वरून आणि शिखर पुन्हा समोरूनच पाहिल्यासारखे दिसते. सावली कुठेच पडलेली नाही. यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) नियम या लोकांना माहीतच नव्हते, असे म्हणणे चुकीचे ठरेल काय? (निवृत्त आरेखक, म्हापसा)

उत्तर : आपली तक्रार जुनी आहे आणि तिचा गोव्याशी संबंधही आहे. मात्तेओ रिची हा इटालियन जेज्विट १५७८ मध्ये गोव्यात उतरला, येथील सेंट पॉल महाविद्यालयात शिकला, शिकवलेही, आणि १५८२ मध्ये मकावला रवाना झाला. पुढे उरलेले आयुष्य चीनमध्ये घालवून त्याने जे लिहिले, त्यात चिनी चित्रकारांना तैलरंग आणि यथार्थदर्शन ठाऊक नाही, त्यामुळे त्यांच्या आकृती निर्जीव वाटतात, असा अभिप्राय आहे. एवढा बुद्धिमान आणि चिनी ग्रंथांत मुरलेला माणूस चित्रांपुढे मात्र आपला युरोपातला चष्मा उतरवू शकला नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

आपण ज्या यथार्थदर्शनाने नकाशे काढलेत त्याला एक गोष्ट गृहीत धरावी लागते : पाहणारा एका ठिकाणी, एका डोळ्याने, न हलता उभा आहे. इमारतीसाठी हे ठीक आहे. डोंगर मात्र कोणी असा पाहत नाही. फान क्वाननंतरच्या पिढीतला दरबारी चित्रकार ग्वो शी याचे विचार त्याच्या मुलाने संकलित करून ठेवले आहेत, आणि त्यांत हा मुद्दा अगदी स्पष्टपणे येतो. डोंगर जवळून एक दिसतो, चार कोस दूर गेल्यावर दुसरा दिसतो; समोरून, बाजूने आणि मागून निराळा दिसतो; सकाळचा, संध्याकाळचा, उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला पुन्हा निराळा. एका डोंगरात असे शेकडो डोंगर असतात आणि चित्रकाराने ते सगळे पाहून मगच कुंचला उचलावा, अशी त्याची अपेक्षा आहे.

या विचारातून त्याने तीन प्रकारची ‘अंतरे’ सांगितली. पायथ्याशी उभे राहून शिखराकडे मान उंच करणे हे उंचीचे अंतर. डोंगराच्या पुढून त्याच्या पाठीमागे डोकावणे हे खोलीचे अंतर. आणि जवळच्या टेकडीवरून दूरच्या टेकडीकडे नजर पसरणे हे सपाटीचे अंतर. त्याचे १०७२ मधले ‘वसंताची चाहूल’ हे चित्र तैपेईलाच आहे आणि त्यात ही तिन्ही अंतरे एकाच रेशमी पटावर नांदतात : मधला डोंगर पिळवटत वर चढतो, डावीकडे दरी खोल व दूरवर जाते, आणि खाली काठाशी होडीतून उतरणारी माणसे आपापल्या उद्योगात असतात. यात चूक झालेली नसून पाहणाऱ्याला तीन ठिकाणी नेलेले आहे. ग्वो शीच्या मते काही चित्रे नुसती पाहण्याची असतात, काहींतून वाट काढत जाता येते, काहींत रमतगमत हिंडता येते आणि काहींत राहता येते. आणि शेवटच्या दोन प्रकारांची योग्यता तो अधिक मानतो. आपण चित्रासमोर कंपास घेऊन बसलात. वाटसरूंच्या मागून निघाला असतात तर खडक, झाडे आणि शिखर तीन ठिकाणांहून दिसणे आपल्याला खटकले नसते.

सावलीविषयी थोडक्यात सांगतो. सावली काढली की वेळ ठरते. सकाळचे दहा किंवा दुपारचे चार. या चित्रकारांना डोंगर एखाद्या घटकेपुरता नको होता. उजेड-काळोख त्यांच्या चित्रांत भरपूर आहे, पण तो खडकाच्या घडणीचा आहे, सूर्याच्या जागेचा नव्हे.

लांब गुंडाळ्यांवरच्या चित्रांना तर एक उभे राहण्याचे ठिकाण असूच शकत नाही. वांग शीमेंग या अठरा वर्षांच्या मुलाने १११३ मध्ये निळ्या-हिरव्या खनिज रंगांत केलेली नद्या-डोंगरांची गुंडाळी जवळजवळ बारा मीटर लांब आहे. ती उजवीकडून हातभर उलगडायची, पाहायची, गुंडाळायची आणि पुढे जायचे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक पट समोर धरून कथा पुढे नेतात, त्याची येथे आठवण यावी. फरक एवढाच की चिनी गुंडाळीत पटांमध्ये खंड पडत नाही आणि कथा सांगायला कोणी सोबत नसते.

प्रश्न : मला ही पद्धत शिकायची आहे. साधी दौतीची शाई चालेल काय? काय काय साहित्य लागते आणि गोव्याच्या दमट हवेत ते टिकते का? (एक गृहिणी, केपे)

उत्तर : दौतीची शाई चालणार नाही, आणि बाटलीत मिळणारी जलरोधक काळी शाईसुद्धा टाळावी. तिच्यात बहुधा लाख असते. ती वाळली की कुंचल्याचे केस कडक होतात आणि पाण्याने पातळ केल्यावरही तिच्यात हवी ती मऊ छटा येत नाही. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस. पाइनचे लाकूड किंवा तेल जाळून काजळी धरतात, ती जनावरांच्या कातडी-हाडांच्या सरसात मळतात, कुटतात, साच्यात घालून कांडी करतात आणि ती महिनोन्‌महिने सावलीत वाळू देतात. ही कांडी दगडावर थोड्या पाण्यात उगाळून शाई करायची असते. आपल्याकडे चंदन किंवा बाळाची गुटी उगाळायला सहाण असते, अगदी त्याच जातीची ही वस्तू आहे, आणि उगाळण्याची रीतही तीच : जोर न लावता, गोल, सावकाश. घाईने उगाळलेल्या शाईत कण राहतात. चीनमध्ये क्वांगतुंग प्रांतातल्या द्वानचा आणि आनहुई प्रांतातल्या शचा दगड यासाठी नावाजलेला आहे. पण शिकताना त्याच्या मागे लागू नये.

कुंचले दोन प्रकारचे घ्यावेत. शेळीच्या केसांचा मऊ असतो, पाणी पुष्कळ धरतो आणि धुक्यासाठी उपयोगी पडतो. मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझल या प्राण्याच्या केसांचा ताठ असतो, त्याने खडकाच्या कडा आणि फांद्या उमटतात. कुंचला कागदावर उभा धरायचा आणि मनगट टेकवायचे नाही, हे पहिले काही आठवडे फार जड जाते.

कागदाबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेकांची निराशा तेथेच होते. आनहुईमधील जिंग परगण्यातला श्वान कागद एका विशिष्ट झाडाच्या सालीपासून आणि भाताच्या पेंढ्यापासून करतात. त्याचे दोन प्रकार आहेत. कच्चा कागद टिपकागदासारखा शाई पितो आणि रेघ क्षणात पसरते. तुरटी आणि सरस लावून पक्का केलेला कागद शाईला वर धरून ठेवतो. फान क्वान आणि ग्वो शी यांचे रेशीमही असेच पक्के केलेले असे, म्हणून त्यांना थरावर थर चढवता आले. कच्च्या कागदाची नजाकत पुढच्या शतकांत अधिक फुलली. नवशिक्याने पक्क्या कागदावर सुरुवात करून मग कच्च्याकडे जावे, असे मी सुचवीन. काही शिक्षक याच्या नेमके उलट सांगतात, आणि त्यांच्याकडेही कारणे आहेत.

गोव्याच्या हवेविषयी आपली शंका रास्त आहे. पावसाळ्यात कच्चा कागद हवेतलाच ओलावा इतका ओढतो की मे महिन्यात जमलेली रेघ जुलैत हाताबाहेर जाते. त्यावर उपाय नाही. पाणी कमी घ्यावे आणि ऋतूप्रमाणे हात बदलावा. शाईची कांडी मात्र सांभाळता येते. काम झाले की ती पुसून कोरडी करावी, ओली कांडी सहाणेवर उभी ठेवू नये, नाहीतर ती चिकटून बसते. सरसामुळे तिला बुरशी धरते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, चपला-बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवावी.

एका कांडीतून किती छटा निघतात हे पाहण्यातच पहिले दोन महिने घालवावेत. चिनी परंपरेत शाईत पाच रंग असतात असे म्हणतात. करपलेल्या काळ्यापासून पाण्यात दिसेल न दिसेल अशा करड्यापर्यंत त्या छटा जातात, आणि धुके तर बहुतेक वेळा न रंगवलेला कागदच असतो. खोडरबर येथे नाही. मोडी लिहिणारा कारकून बोरू फारसा न उचलता ओळ पुरी करीत असे आणि अडखळला तर ते कागदावर कायमचे दिसत असे. या चित्रांतली रेघही तशीच असते, आणि चीनमध्ये लेखणी व कुंचला ही एकच वस्तू असल्यामुळे हे साम्य वरवरचे नाही.

प्रश्न : इतक्या सुंदर चित्रावर लाल शिक्के मारून आणि वर अक्षरे लिहून ते खराब का केले? (एक विद्यार्थी, वाळपई)

उत्तर : शिक्के बहुतेक वेळा चित्र ज्यांच्या ताब्यात आले त्या मालकांचे असतात. त्यांवरून चित्र कोणाकडून कोणाकडे गेले हे कळते, म्हणून अभ्यासकांना ते प्रिय असतात. सभ्य मालक कोपऱ्यात एक शिक्का मारून थांबे. अठराव्या शतकातील सम्राट छ्यानलोंग याला थांबणे जमत नसे. त्याची एक गोष्ट आपल्याला नक्की आवडेल.

ह्वांग गोंगवांग या चित्रकाराने म्हातारपणी फूछून नदीकाठच्या डोंगरांची एक लांब गुंडाळी केली. ती त्याने १३५० मध्ये पुरी केली. १६५० मध्ये तिच्या मालकाने मरताना ती आपल्याबरोबर जाळण्याची आज्ञा दिली आणि ती आगीत टाकलीही गेली, पण पुतण्याने ओढून बाहेर काढली. तिचे दोन तुकडे झाले. शंभर वर्षांच्या आतच त्यातला मोठा तुकडा छ्यानलोंगच्या दरबारी आला. परंतु त्याच्या आधी वर्षभर त्या चित्राची एक नक्कल त्याच्या हाती लागली होती आणि तिलाच अस्सल समजून तो तिच्यावर कविता व टिपा लिहीत सुटला होता. अस्सल चित्र आले तेव्हा त्याने ते नकली ठरवले. नकलेवर त्याचे पन्नासाहून अधिक लेख आहेत आणि अस्सल चित्र त्याच्या हस्ताक्षरापासून बहुतांशी वाचले आहे. आज मोठा तुकडा तैपेईला आणि छोटा चीनमधील झच्यांग प्रांताच्या संग्रहालयात आहे. २०११ मध्ये दोन्ही तुकडे तैपेईला शेजारी शेजारी मांडले गेले होते.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांनी मकावहून आणलेले डोंगराचे एक गुंडाळीचे चित्र आहे. त्याची किंमत किती असेल? (मडगाव)

उत्तर : किंमत पत्रावरून सांगता येत नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. भिंग लावून पाहावे. सारख्या अंतराने मांडलेले ठिपके दिसले तर ते छापील आहे. छापील नसेल तर पावसाळा संपेपर्यंत ते उलगडू नये, चिकटपट्टी कधीही लावू नये, आणि जाणकाराला दाखवावे.

प्रश्न : ही चित्रे प्रत्यक्ष पाहायची तर कोठे जावे? भारतात किंवा गोव्यात या कलेचा काही धागा सापडतो का? (पणजी)

उत्तर : मोठ्या चित्रांसाठी तैपेई आणि बीजिंग. मात्र तेथे जाऊनही फान क्वान दिसेलच असे नाही. हजार वर्षांच्या रेशमाला उजेड सोसत नाही, म्हणून हे चित्र क्वचित आणि थोड्या दिवसांसाठीच बाहेर काढतात. जाण्यापूर्वी चौकशी करावी.

भारतातला धागा शांतिनिकेतनातून जातो. १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर तेथील चित्रकार नंदलाल बोस चीनला गेले होते. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात चिनी अभ्यासाचे चीनभवन उभे राहिले, आणि शू बेईहोंग हा पॅरिसमध्ये शिकलेला चिनी चित्रकार १९३९ च्या अखेरीस रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून येऊन राहिला. डोंगर हलवायला निघालेल्या हट्टी म्हाताऱ्याची चिनी लोककथा त्याने १९४० मध्ये भारतातच रंगवली. यात गंमत अशी की हजार वर्षे ज्या परंपरेने डोंगराच्या पायाशी वाटसरू चालवला, तिच्याच एका वारसाने भारतात बसून डोंगर खणणारी धिप्पाड उघडी माणसे पुढे आणली.

गोव्याचा धागा अधिक नाजूक आहे. सांत इस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात चित्रकार अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल यांच्याकडे शिकले. अवनींद्रनाथांची पातळ रंगांचे थर देऊन धुण्याची पद्धत जपानी चित्रकारांच्या सहवासातून आली होती, चिनी शाईतून थेट नव्हे. आणि फोन्सेकांचे विषय ख्रिस्ती आहेत, डोंगर नव्हेत. तरी रेघेच्या कडा पाण्यात विरघळू देण्याची ती पूर्वेकडची सवय त्यांच्या चित्रांत दिसते. त्यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेकडे आला आहे. तेवढ्यासाठी तैपेईचे तिकीट काढावे लागत नाही.

प्रश्न : माझे वय ब्याऐंशी आहे. तरुणपणी दूधसागरपर्यंत रुळांच्या कडेने चालत गेलो होतो. आता गुडघे अंगणापलीकडे नेत नाहीत. मलपृष्ठावरचे चित्र मी रोज पाहतो. त्यातल्या वाटेने मनातल्या मनात चालत राहणे हे चित्र पाहण्याच्या रीतीत बसते काय? (काणकोण)

उत्तर : बसते, या कलेच्या पहिल्या जाणकारांपैकी एकाने नेमके हेच केले होते. त्सोंग बिंग (३७५–४४३) आयुष्यभर डोंगरांत हिंडला. म्हातारपण आणि आजारपण आले तेव्हा पाहिलेले डोंगर त्याने आपल्या खोलीच्या भिंतींवर काढले आणि पडल्या पडल्या प्रवास करायचा असे ठरवले. त्या भिंतींसमोर तो वीणेसारखे तंतुवाद्य वाजवी आणि त्याच्या नादाने चित्रातले डोंगर निनादावेत, अशी त्याची इच्छा असे. डोंगराच्या चित्रांवरचा सर्वांत जुन्या निबंधांपैकी एक त्याचाच आहे. ‘पडून केलेला प्रवास’ हा शब्दप्रयोग पुढे चिनी रसिकांत रूढच झाला. आपण देवळाच्या छपरापर्यंत पोहोचला आहात का, ते अवश्य कळवावे.

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातला. आमचे घाट या पद्धतीने काढायचे मनात आहे, पण चिनी डोंगर काढण्याची पुस्तके पाहून सराव केला तर हातून चीनच उमटतो. काय करावे? (एक तरुण, केरी)

उत्तर : पुस्तके काही दिवस मिटून ठेवावीत. त्यांत आपल्याला जे ठोकळे सापडले असतील ते ‘त्सुन’ नावाच्या रेघांचे आहेत (वर आलेले त्सुन हे माप निराळे). या शब्दाचा अर्थ आहे थंडीने तडकलेल्या, सुरकुतलेल्या कातडीवरच्या भेगा. डोंगराला कातडी असते आणि प्रत्येक डोंगराची कातडी निराळी असते, एवढेच मुळात म्हणायचे होते. फान क्वान उत्तरेकडच्या शान्शी प्रांतातला होता. तेथल्या उघड्या, कोरड्या कड्यांसाठी त्याने बारीक, तुटक, टोचल्यासारखे असंख्य ठिपके वापरले. त्यांना पुढे पावसाच्या थेंबांचे त्सुन म्हणू लागले. दक्षिणेकडच्या मऊ, मातीच्या टेकड्या पाहणाऱ्या दोंग युआनच्या हातून तागाचे धागे सोडल्यासारख्या लांब लोंबत्या रेघा निघाल्या. ली थांगने ११२४ मधल्या आपल्या पाइन-दरीच्या चित्रात कुऱ्हाडीने तासल्यासारखे तिरपे, रुंद फटके मारले. या रेघा दगडांपासून आल्या. ठोकळ्यांची यादी नंतरच्यांनी केली. फान क्वानविषयी नोंदलेले आहे की तोही आधी दुसऱ्या चित्रकारांच्या मागे गेला होता, आणि मग माणसांपेक्षा डोंगरांनाच गुरू करावे असे ठरवून चुंगनान डोंगररांगेत जाऊन राहिला.

आपल्या दाराशी निराळे दगड आहेत. पठारावर जांभा आहे, भोकाभोकांचा, पावसाने काळवंडलेला आणि कापला की आतून लाल. वर सत्तरीच्या कोपऱ्यात दख्खनचा काळा कातळ सुरू होतो, जो पायऱ्या-पायऱ्यांनी तुटतो. चिऱ्यांच्या खाणीत उभे राहून भिंत पाहिली तर तिच्यावर शेकडो सारखे आडवे ओरखडे दिसतात. त्या पृष्ठभागासाठी कोणती रेघ लागते हे चिनी पुस्तक सांगू शकणार नाही, कारण ती रेघ अजून कोणी काढलेली नसण्याची शक्यता आहे. जांभ्याच्या भोकांना फान क्वानचे ठिपके जवळचे वाटतील. पण त्याचे ठिपके कोरड्या खडकाचे आहेत आणि आपला दगड वर्षातले चार महिने ठिबकत असतो.

धुक्याची तर आपल्याकडे कमतरता नाही. ग्वो शी म्हणतो की डोंगर उंच दाखवायचा तर तो संपूर्ण काढू नये. कमरेला धुके गुंडाळले की तो उंच होतो. जुलैतला चोर्ला हे धडे फुकट देतो. तेथे बसून चित्र पुरे करण्याचा हट्ट धरू नये. चालावे, पाहावे, घरी येऊन काढावे, पुन्हा जावे.

आणि वाटसरू आधी ठरवावा. एकेकाळी लमाणांचे बैलांचे तांडे आपल्या मिठागरांतले मीठ लादून हे घाट चढत असत. तो तांडा काढायचा मोह होईल, आणि तो चांगला दिसेलही. पण आपण तो पाहिलेला नाही. आज त्या वळणांवरून भाजीचे टेम्पो उतरतात, बेळगावची बस जाते, आणि पावसात मोटारसायकल थांबवून झाडाखाली रेनकोट चढवणारा एखादा दिसतो. फान क्वानची खेचरे त्याच्या काळातल्या रोजच्या रस्त्यावरची होती. आपल्या रोजच्या रस्त्यावरचा कोणी तेथे चालू लागला, की डोंगरही बहुधा आपोआप सत्तरीचा होईल.

चित्र झाले की आम्हाला जरूर पाठवावे. मलपृष्ठावर छापायचे असल्यास वाटसरू थोडा मोठा काढावा, ही साखळीच्या बाईंच्या वर्गातर्फे विनंती.